चाऱ्याच्या टेबलावरचा अंगठा

त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर खाली डाव्या कोपऱ्यात एका बाईचा अंगठा आहे आणि उजव्या कोपऱ्यात माझी सही. सहीच्या वर छापलंय, ‘वरील मजकूर सहभागी महिलेस वाचून दाखविला.’ वाचून दाखवला नव्हता. एकीलाही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर ओरडणार आहे, आणि ओरडणाऱ्याचे स्वतःचे हात किती बरबटलेत ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

ते वर्ष दुष्काळाचं. बीड जिल्ह्यात असं नुसतं म्हटलं की समोरचा विचारतो, कुठल्या? तर ज्या वर्षी नांदूरघाटाकडच्या शिवारात विहिरींच्या तळाला पोरं क्रिकेट खेळत होती आणि रस्त्याकडंला जागोजाग चारा छावण्या पडल्या होत्या, त्या. आमच्या भागातली छावणी एका सहकारी संस्थेनं चालवायला घेतली होती. संस्थेचाच कारखाना, संस्थेचीच दूध डेअरी, संस्थेचंच नर्सिंग कॉलेज. या सगळ्यांचा चेअरमन एकच. बाईच्या बैलाला चारा त्याचा, बाईच्या पोराला नोकरी त्याची, आणि बाईचं रक्त तपासायला येणारी पोरगीही त्याच्याच कॉलेजची. याला आमच्याकडं सहकार म्हणतात.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. ‘जाहीर निषेध’ हे वरती, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे खालती, मधल्या जागेत गाव तेवढं बदलायचं. छावणीत चारा कमी पडतो, पेंड वेळेवर येत नाही, बायांची आरोग्य तपासणी झालीच पाहिजे, असं एक पत्रक मी काढलं. दुसऱ्याच दिवशी छावणीच्या मॅनेजरनं निरोप पाठवला. गेले तर माणूस हसतमुख. म्हणाला, “ताई, तुमी लई लिवता. मग हितंच बसून लिवा की. चाऱ्याचं रजिस्टर तुमच्या हातात देतो. कुणाला कमी पडला तर तुमीच आमाला सांगा.”

मला वाटलं, जिंकले! लढणाऱ्याच्या हातात रजिस्टर आलं! आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. आमच्याकडं माणसाला गप्प करायला मारहाण लागत नाही. टेबल-खुर्ची पुरते.

तर माझं टेबल. ताडपत्रीखाली एक टेबल, त्यावर रजिस्टर आणि शाईचा पॅड. प्रत्येक जनावराच्या कानात छावणीचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. सकाळी रांग लागायची. बाई यायची, बिल्ल्याचा नंबर सांगायची, पॅडवर अंगठा दाबायची, रजिस्टरात उठवायची आणि पुढं जाऊन उसाचं वाढं उचलायची. रांगेत बायाच जास्त. घरातले बाकीचे ऊस तोडायला पश्चिमेकडं गेलेले. मागं राहिलेल्या बाईनं छावणीत जनावरांपाशीच राहायचं, जुन्या साड्यांचा आडोसा करून. सही येणाऱ्या बायाही अंगठाच द्यायच्या. रांग खोळंबते म्हणून मीच तसं सांगितलं होतं.

त्या रांगेत माझी मावशी होती, आईची थोरली बहीण. दोन बैल आणि एक गाय घेऊन आलेली. नवरा, मुलगा, सून तिघंही तोडीवर. अंगानं काडी, जिभेनं विळा. मॅनेजर एकदा तिला म्हणाला, “म्हातारे, तुजी गाय तुज्यापरीस धडधाकट हाय.” ही म्हणाली, “मग तिलाच बसीव की खुर्चीवर, तुज्यापरीस अक्कलबी जास्त हाय.” रांग फुटली हसून.

मार्चच्या सुमारास नर्सिंग कॉलेजातून एक सिस्टर आली. नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करणारी, पांढरा कोट, पायात धुळीनं माखलेल्या चपला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी. छावणीतल्या बायांच्या अंगात रक्त किती आहे आणि गोळ्या देऊन, आहाराची माहिती देऊन ते किती वाढतं, यावर तिचा प्रबंध. वाईट नव्हती पोरगी. उन्हात दिवसभर उभी राहायची. मला आनंदच झाला. माझ्याच पत्रकातली मागणी पदर खोचून समोर उभी होती.

प्रत्येक बाईसाठी दोन पानांचा छापील कागद होता, संमतीपत्र. तो वाचून दाखवायचा, समजावायचा, मग अंगठा घ्यायचा. सिस्टर म्हणाली, “संध्याकाळी प्रत्येकीच्या आडोशापाशी जाऊन घेऊ का?”

मॅनेजर म्हणाला, “कशाला हिंडता सांजंचं? सकाळी चाऱ्याला सगळ्या एका जागी सापडत्यात. हितंच घ्या. पॅडबी तयार हाय.”

आणि झालं. त्या सकाळी रांगेतल्या प्रत्येक बाईनं एकाच टेबलावर, एकाच पॅडवर दोनदा बोट दाबलं. एक अंगठा चाऱ्याचा, एक अंगठा आपल्या रक्ताचा. एका बाईनं विचारलं, “आज दोन-दोन कावून गं?” मॅनेजर मागून म्हणाला, “सरकारचं हाय, दे. रांग खोळंबती.” मी शाई टिपत होते. मी ‘सरकारचं नाही, कॉलेजचं आहे’ म्हणाले नाही. ‘नाही दिला तरी चालेल’ म्हणाले नाही. सिस्टरनं मला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं आणि मी एकामागून एक, झरझर, पत्रकांच्या वळणदार अक्षरात सह्या ठोकत गेले. मावशीचाही कागद त्यातच.

गट पाडले ते असे. छावणीच्या मधोमध ट्रॅक्टरची वाट होती. वाटेच्या रस्त्याकडल्या अंगाला ज्यांच्या जनावरांची दावण, त्या बायांना गोळ्या आणि माहिती. ओढ्याकडल्या अंगाला दावण असेल तर काही नाही. नुसतं बोट टोचून रक्त बघायचं, दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं, आणि दोन्ही गटांची तुलना करायची. बैल कुठल्या खुंटाला बांधलाय त्यावरून बाईला औषध मिळणार की नाही ते ठरलं. मावशीनं ओढ्याकडची दावण घेतली होती, तिथं एका कडुलिंबाची सावली होती म्हणून.

एप्रिल सरता सरता मावशी टँकरपाशी पडली. कळशी भरून उचलली आणि तशीच बसली, मग आडवीच झाली. बायांनी तोंडावर पाणी मारलं. मी तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त काढलं. हिमोग्लोबिन सहा, हवं बारा.

“आधी कधी तपासलं होतं का?” डॉक्टर.

“तपासलंय की. छावणीत. बोट टोचलतं.”

“किती निघालं?”

“ते टोचणारीला ठावं. बोट माजं, आकडा तिचा.”

डॉक्टर म्हणाला भरती व्हा. मावशी म्हणाली, “आन जनावरं? ती बी भरती करून घेता का?” शेवटी त्यानं गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या, रोज न चुकता घ्यायला बजावलं, आणि सांगितलं की आठ दिवसांनी परत दाखवा, वाढलं नाही तर रक्त चढवावं लागेल. मला बाजूला घेऊन वेगळं बोलला, “हे हसण्यावारी नेऊ नका. हृदयावर येतं.”

परत आल्यावर मी सिस्टरला गाठलं. तिनं तिची वही काढली. त्यात बायांची नावं नव्हती, बिल्ल्यांचे नंबर होते. मावशीच्या गायीचा नंबर आणि त्यापुढं मार्चातला आकडा: सात पूर्णांक एक.

“तुम्हाला मार्चपासून माहीत होतं?”

“हो.”

“आणि तिला सांगितलं नाही?”

ती खाली बघत म्हणाली, “ओढ्याकडचा गट आहे ना. सांगितलं की बाया जाऊन औषध घेतात. मग तुलना कशाशी करणार? आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, दुसरी तपासणी झाली की सगळ्यांना सांगू.”

सगळ्यांना. म्हणजे ज्या तोवर टिकतील त्यांना. मी काय-काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिचे डोळे भरून आले आणि मला त्याचाही राग आला. रडायला हिला वेळ आहे!

आठवडा गेला. मावशी तशीच पांढरी फटक. चाऱ्याच्या रांगेत उभं राहवेना, खाली बसून सरकायची. मी तिच्या आडोशात तिची दुधाची किटली धुवायला घेतली तर झाकणाखाली फडक्यात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. एकही गोळी फोडलेली नाही.

“मावशे! हे काय आहे?”

“ठेव तिथं.”

“खाल्ल्या नाहीस? का?”

“का म्हंजे? त्या सिस्टरनं सांगटलंय, दुसऱ्यांदा बोट टोचस्तोर दुसरं कसलं औषध खायाचं न्हाई, न्हाईतर तिचं काम बिघडतं. अंगठा दिलाय मी.”

“अगं, मरशील!”

“वरडू नको. अंगठा चाऱ्याच्या टेबलावर दिलाय. तो मोडला आन ह्यांनी वाढं बंद केलं, तर तीन जनावरं तुज्या बी.ए.वर जगवू का?”

मी फडकं हातात घेऊन बसूनच राहिले. सात आठवडे ही बाई आपला शब्द पाळत होती. जो शब्द तिनं दिलाच नव्हता! जो कागद तिला कुणी वाचून दाखवला नव्हता, त्या कागदाचा मान ती जीव पणाला लावून राखत होती. आणि ज्यांनी तो छापला त्यांना तो एक सोपस्कार होता. आता कुणी मला म्हणू दे की आमच्या बाया अडाणी, त्यांना कागद कळत नाही. कागदाची किंमत त्या टेबलाभोवती कुणाला कळत असेल तर ती अंगठा देणारीलाच कळत होती.

मी तशीच उठून बसनं कॉलेजात गेले. प्रबंधाच्या गाईड मॅडमच्या केबिनमध्ये कूलर चालू होता. मी पत्रकाच्या भाषेत सुरू झाले: अमानुष, गिनिपिग, जाब विचारू. मॅडमनी ऐकून घेतलं. सवय असावी. मग शिपायाला सांगून गठ्ठा मागवला आणि मावशीचा कागद काढून माझ्यापुढं सरकवला.

“संमती आहे. कॉलेजच्या एथिक्स समितीची परवानगी आहे. नाव कुठंच नाही, नंबर वापरलाय. गोपनीयता पूर्ण पाळलेली आहे.”

“तो नंबर गायीचा आहे, मॅडम.”

“आणि वाचून दाखवल्याची साक्षीदाराची सही आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी सहीवर बोट ठेवलं. “ही कुणाची?”

“माझी.” कूलरचं पाणी टपटपत होतं.

“बेटा, तूच लिहून दिलंस की वाचून दाखवलं. आता तूच म्हणतेस वाचलं नाही. मी कुठल्या तुझ्यावर विश्वास ठेवू?”

त्या बाईचा मला आजही संताप येतो. तिचा तो प्रश्न बरोबर होता म्हणून जास्तच येतो.

पण कागद माझ्यासमोर होता आणि मी तो पहिल्यांदा वाचला. चौथ्या कलमात स्वच्छ मराठीत छापलं होतं: ‘मी कोणतेही कारण न देता केव्हाही या अभ्यासातून बाहेर पडू शकते. त्यामुळे मला मिळणाऱ्या कोणत्याही सेवेवर परिणाम होणार नाही.’ म्हणजे मावशीची सुटका मार्चपासून कागदातच छापलेली होती. माझ्या टेबलावरून, माझ्या हाताखालून कागदागणिक गेलेली. मी एक कोरा नमुना मागून घेतला. मॅडमनी खुशाल दिला. नियमात बसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली तेव्हा मी पॅड उघडलाच नाही. टेबलावर उभी राहिले आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचला. आवाज मोर्चात कमावलेला, शेवटच्या दावणीपर्यंत पोचला. बैलांनीसुद्धा कान टवकारले. मॅनेजर धावत आला, “ताई, उतरा खाली, हे काय लावलंय?” मी वाचत राहिले. सिस्टर वही छातीशी धरून ताडपत्रीच्या खांबाला टेकून उभी होती.

चौथं कलम मी तीनदा वाचलं.

मावशी रांगेत बसलेली होती. ती म्हणाली, “म्हंजे सोडता येतं व्हय?”

“येतं.”

“आन चारा?”

“चाऱ्याचा काही संबंध नाही, मावशे. कधीच नव्हता.”

“तू नगं सांगू,” मावशी म्हणाली. “तू मागंबी हितंच बसलतीस.” आणि मॅनेजरकडं वळली. “तुमी सांगा. मी ह्यातनं बाहीर पडले तर वाढं बंद व्हतं का?”

“बघू... चेअरमनसायबाला इचारावं लागंल.”

“वाढं देताना रोज इचारता का त्यास्नी? मग बंद करायचंच कावून इचारायचं?”

बाया हसल्या. मॅनेजरनं इकडंतिकडं बघितलं. “न्हाई बंद व्हत. जा.”

“मोठ्यानं.”

“आगं न्हाई बंद व्हत म्हनलं ना!”

“पल्याडच्या दावणीला आलं का गं ऐकू?” मावशीनं मान वळवून विचारलं. तिकडनं कुणीतरी “आलं!” ओरडलं. मग तिनं पदराची गाठ सोडली, किटलीतून तिथं हलवलेल्या पट्टीतली एक गोळी फोडली आणि टँकरच्या पाण्याबरोबर सगळ्यांदेखत गिळली. तोंड वाकडं केलं. “लोखंड चाटल्यावानी लागतंय.”

मग सगळा ओढ्याकडचा गट सिस्टरकडं वळला. माझं किती, माझं किती? सिस्टर मला हळूच म्हणाली, “माझं वर्ष जाईल.” मी तिला धीर दिला नाही. द्यावासा वाटलाही नाही. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि वही उघडली. एकेकीला जवळ बोलावून, बिल्ल्याचा नंबर विचारून, कानात आकडा सांगू लागली. एक म्हणाली, “मंग उगंच नव्हतं मला दम लागत,” आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं दिसलं. दोघी-तिघींनी सांगितलं की आम्ही अभ्यासात राहतो, आमचं बरं निघालंय, पोरीचं काम होऊ द्या. तेही त्यांनी ऐकून, विचारून सांगितलं. एवढंच तर पाहिजे होतं पहिल्या दिवशी. अर्ध्या तासाचं काम!

मावशीला पुढं रक्ताच्या दोन बाटल्या लागल्याच. ती दवाखान्यात होती तेवढे दिवस तिची जनावरं मी सांभाळली आणि तिच्या गायीनं मला दोनदा लाथ घातली. मावशी जगली. सिस्टरचा प्रबंधही पुढच्या वर्षी जाड पुठ्ठ्यात बांधून कॉलेजच्या कपाटात गेला. मी तो उघडून बघितला. ओढ्याकडच्या बाया ‘वैयक्तिक कारणास्तव’ बाहेर पडल्या, असं त्यात लिहिलंय. वैयक्तिक! आणि ‘सर्व सहभागींची माहितीपूर्ण संमती घेण्यात आली’ हे वाक्य जसंच्या तसं आहे. त्या गठ्ठ्यावरच्या माझ्या सह्या मला खोडू द्या, असा मी लेखी अर्ज दिला होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळच्या दुसऱ्या दिवशीचं. मावशी अजून दवाखान्यात जायची होती. रांग लागली, मी पॅड उघडला. मावशी सरकत-सरकत टेबलापाशी आली, बिल्ल्याचा नंबर सांगितला, अंगठ्याला शाई लावली आणि अंगठा रजिस्टरावर हवेतच धरला.

“वाच,” ती म्हणाली.

“अगं मावशे, हे चाऱ्याचंच आहे. रोजचं.”

“रोज तू वाचलंस का?”

मी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. पानाच्या माथ्यावर बारीक छापलेलं होतं. चार महिने मी त्या ओळीखाली अंगठे घेत होते, आणि पेंड का येत नाही म्हणून संध्याकाळी पत्रक लिहीत होते. मी वाचलं: “‘आज रोजी ठरल्याप्रमाणे संपूर्ण चारा व पेंड मिळाली.’”

कुणी ‘खोळंबतंय’ म्हणालं नाही. मावशीनं शाईचा अंगठा तसाच वर धरून मॅनेजरकडं बघितलं.

“पेंड कुटं हाय?”